नळ बंद असतानाची दहा मिनिटं

आमच्या गल्लीच्या पाण्याची चावी गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. चावी म्हणजे हातभर लांब लोखंडी दांडा. रस्त्यातलं झाकण उचलायचं, दांडा आत व्हॉल्व्हवर बसवायचा आणि साडेतीन वळसे द्यायचे. चौथा पुरा दिला की वॉशर गेलाच म्हणून समजा. हे मी गल्लीत प्रत्येकाला समजावून सांगितलंय आणि तरीही चावी कोणाच्या हातात देत नाही. लोकांना सांगितलेलं कळत नाही, आणि कळलं तर लक्षात राहत नाही. माझा आवाज मोठा आहे, तोंड फटकळ आहे, हेही मला माहीत आहे. उगाच कोणी सांगायला येऊ नका.

पाणी येतं दर तीन दिवसांनी, सकाळी सहाला, चाळीस मिनिटं. चाळीस घरं, एक स्टँड, चार तोट्या. प्रत्येक घराला आठ बादल्या. लोक आदल्या संध्याकाळीच आपापलं भांडं रांगेत ठेवून जातात; पाळी भांड्याची असते, माणसाची नाही. माणूस नंतर आरामात दात घासत आला तरी चालतं. आणि माझा एक खास नियम: मी व्हॉल्व्ह उघडला की पहिली दहा मिनिटं तोट्या बंद ठेवायच्या. पाइप पुरता भरतो, दाब नीट येतो. हा नियम मी मांडला तेव्हा एरवी सभा कोणत्या वारी घ्यायची यावरही एकमत न होणारी गल्ली एका सुरात ‘मंजूर’ म्हणाली. बेकरीवाला तर म्हणाला, “वहिनी, दहा कशाला, पंधरा करा की!” मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण कोणी कौतुक केलं की माझी अक्कल चरायला जाते.

कौतुकाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. आठ बादल्यांत तीन दिवस काढून वर हौदात पाणी शिल्लक राहणारं घर अख्ख्या गल्लीत एकच, आमचं. भाज्या धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं कुंड्यांना, पाहुण्याला अर्धा पेला, हवं तर परत मागा. आमचे हे शिवणकाम करतात, पुढच्याच खोलीत मशीन आहे. मी नळावर उभी असते, आणि बादल्या वाहून नेऊन मागच्या हौदात ओतायचं काम यांचं. महिला मंडळानं काटकसरीवर माझं भाषण ठेवलं होतं. बक्षीस म्हणून एक बादली दिली. मी तासभर बोलले, आणि पहिल्या रांगेत बसलेले आमचे हे तासभर आपल्या चपलांकडे बघत होते. मला वाटलं, बायकोच्या कौतुकानं संकोचलेत बिचारे.

तर अशी आमची सुरळीत गल्ली. तीन महिन्यांपूर्वी गल्लीच्या टोकाला बंद पडलेल्या फर्निचरच्या गोदामात हद्दीपलीकडची चौदा घरं राहायला आली.

हद्द इथून फार लांब नाही. नदी तीच. आधी आमच्याकडून वाहते, मग त्यांच्याकडे जाते. म्हणजे जायची. वर आमच्या बाजूला मोठा बंधारा झाला आणि आता हद्दीपलीकडे पोचते ती नुसती वाळू. मी त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याला पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून विचारलं, “इकडेच का आलात हो तुम्ही सगळे?” तो सावकाश म्हणाला, “पाणी इकडे राहिलं ताई. म्हणून आम्हीही इकडे आलो.”

समोरच्याचं बोलणं खरं निघालं की मला फार राग येतो.

त्यांचा पहिला पाण्याचा दिवस तर मी जन्मात विसरणार नाही. पाचलाच ती सगळी माणसं येऊन उभी राहिली, साठ-सत्तर जणं, अगदी शहाण्यासारखी. समोर बघतात तर बादल्या, कळश्या, डबे यांची लांबच लांब रांग, आणि माणूस एकही नाही! त्यांच्याकडे भांडं असं बेवारस ठेवत नाहीत, चोरीला जातं. त्यांना वाटलं, कोणीतरी विसरून गेलंय. मग त्यांनी काय करावं? मदत केली. आमच्या चाळीस घरांची भांडी उचलून भिंतीशी नेली आणि लहान मोठ्यात, मोठं त्याहून मोठ्यात, अशी एकात एक घालून छान रचून ठेवली.

सहाला गल्ली दात घासत बाहेर आली आणि रांग गायब! कोण कोणाच्या पुढे होतं याचा आता काही पुरावाच उरला नव्हता. मास्तर म्हणाले मी चौथा, लाँड्रीवाला म्हणाला चौथा मी, कोपऱ्यावरच्या वहिनी म्हणाल्या की त्यांची कळशी तर पहिलीच होती, आणि ती मास्तरांच्या पिंपात अशी काही घट्ट बसली होती की दोघांनी दोन बाजूंनी ओढूनही निघेना. चाळीस मिनिटांतली पंचवीस त्या कळशीत गेली. आणि ती नवी माणसं बाजूला हात जोडून उभी, काय चुकलं तेच त्यांना कळेना. तेव्हा मी इतकी चिडले होते की हसू आलं नाही. ते घरी येऊन आलं, तेही यांच्यासमोर नको म्हणून मोरीत जाऊन हसले.

मग ठरलं, त्यांची भांडी सगळ्यात शेवटी. चाळीस घरं झाली की चौदा. घराला चारच बादल्या. त्यांनी काही वाद घातला नाही.

पण महिन्याभरात नळाची धार बारीक व्हायला लागली. आधी अंगठ्याएवढी, मग करंगळीएवढी. शेवटच्या दहा घरांना सहाच बादल्या मिळू लागल्या, आणि गोदामवाल्यांना कधी दोन, कधी दीड. गल्लीत मग दुसरा विषयच उरला नाही. एवढी माणसं आल्यावर दुसरं काय होणार? ते चोरत असणार. गोदामाच्या मागून पाइप फोडला असणार. हे सगळं बोलण्यात सगळ्यात मोठा आवाज कोणाचा होता, ते सांगायला नकोच. मी येताजाता त्यांच्यावर तोंडसुख घेत होते.

शेवटी अध्यक्ष मास्तरांनी सभा लावली. मास्तर शाळेतून निवृत्त झाले पण ठराव लिहिण्यातून होत नाहीत. ठराव आधीच सुवाच्य अक्षरात लिहून तयार: गोदामातल्या कुटुंबांना गल्लीच्या नळावरून पाणी देणे बंद करण्यात येत आहे. सूचक, बेकरीवाला. अनुमोदक, मी. सभा रविवारी, पाणी भरून झाल्यावर. गोदामाच्या मालकानं आधीच सांगून ठेवलं होतं की पाणी तुटलं तर सोमवारी गोदाम रिकामं करा, घाण नको. पुढच्या गावानं नव्या माणसांना घ्यायचं थांबवलं होतं. म्हणजे रविवारी हात वर झाले की चौदा घरं परत हद्दीवरच्या तंबूंत, जिथे पाण्याचा ट्रक आठवड्यातून एकदा येतो, आला तर.

हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

सभेच्या आधीचा सोमवार, पाण्याचा दिवस. मी व्हॉल्व्ह उघडला, घड्याळ लावलं, आणि मागे वळून बघते तर तोच म्हातारा रस्त्यावर गुडघे टेकून बसलेला. हातात लोखंडी सळई, एक टोक जमिनीत पाइपावर टेकवलेलं, दुसऱ्या टोकाला लाकडी गोळा, आणि त्या गोळ्याला कान लावून डोळे मिटलेले.

“अहो काका! काय ऐकताय? बातम्या लागल्यात का खाली?”

त्यांनी डोळे उघडले नाहीत. हातानं थांबा अशी खूण केली. मला! मी आजवर कोणाच्या खुणेनं थांबलेली नाही, पण आश्चर्यानं थांबले.

मग ते उठले, गुडघे झटकले. “ताई, तोट्या बंद आहेत ना?”

“माझ्यासमोर कोणाची टाप आहे उघडायची?”

“मग पाणी चाललंय कुठे? तोट्या बंद असल्या की पाइप गप्प पाहिजे. हा तर बोलतोय.” तिकडे पाणीपुरवठ्यात ते तीस वर्षं हेच काम करत होते. जमिनीखाली पाणी कुठे गळतं, कुठे वळतं, ते कानानं शोधायचं. “कोणीतरी मधूनच घेतंय. एकाच ठिकाणी की जास्त, ते ऐकावं लागेल. तुम्ही परवानगी दिली तर.”

माझ्या अंगात वारंच भरलं. चोर! रविवारी सभा, आणि आधीच चोर हातात! मी मनातल्या मनात भाषणसुद्धा सुरू केलं. “ऐका,” मी म्हटलं, “दाराशी जा, भिंतीशी जा, कोणी हटकलं तर माझं नाव सांगा. आणि सापडला की आधी मला येऊन सांगायचं. मी बघते त्याच्याकडे.”

“ज्याचं असेल त्याच्याकडे?”

“ज्याचं असेल त्याच्याकडे! सख्खा भाऊ असला तरी!”

ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. मग सळई उचलून चालू लागले. मी त्यांना तेव्हापासून कानकाका म्हणायला लागले.

सोमवारची ती दहा मिनिटं आणि गुरुवारची दहा मिनिटं ते गल्लीभर वाकत, ऐकत फिरले. लोक दारातून बघत होते. मला तेव्हा जाणवलं नाही, पण एकानंही त्यांना हटकलं नाही. एरवी दारासमोर सायकल लावली तरी आरडाओरडा करणारी ही माणसं.

गुरुवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर ते आमच्याकडे आले. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. हे मशीनवर कोणाचा तरी कोट उसवत होते, तोंडात नेहमीप्रमाणे चार टाचण्या.

“सापडला?” मी विचारलं.

“सापडला.”

“कुठे?”

त्यांनी सळईनं खाली दाखवलं. “तुमच्या उंबऱ्यापासून दोन हात आत. अर्ध्या इंचाचा पाइप आहे. या खोलीखालून मागे जातो.”

मागे काय आहे ते मला माहीत होतं. मागे हौद होता.

मी आधी हसले. मग त्यांना चांगलंच फैलावर घेतलं, की तुमच्या कानात मळ साचलाय, माझ्या घरात येऊन माझ्यावर आळ घेता, अकरा वर्षं चावी माझ्याकडे आहे, बक्षीस मिळालंय मला. ते शांतपणे ऐकत राहिले, पाइप ऐकतात तसेच. आणि बोलता बोलता माझी नजर यांच्याकडे गेली. मशीन थांबलं होतं. हे एकेक टाचणी तोंडातून काढत होते आणि उशीत टोचत होते. एक. दोन. तीन. तोंड रिकामं करत होते, म्हणजे बोलणार होते. आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली, हे असं मी फार तर तीनदा पाहिलंय.

माझ्या पायाखालची जमीन सरकली.

कानकाका उठले. “तुमचं मी कोणाला सांगितलेलं नाही, ताई. सांगणारही नाही,” म्हणाले, आणि गेले.

“बोला,” मी म्हटलं.

“तू आठव्या महिन्यात होतीस,” हे म्हणाले. “दोन बादल्या घेऊन पायरीवरून पडलीस. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. तू माहेरी गेलीस आणि मी प्लंबर बोलावला.”

आमची लेक आता बारा वर्षांची आहे. म्हणजे माझ्या हातात चावी यायच्याही वर्षभर आधीपासून.

“मला का नाही सांगितलंत?”

“तुला खोटं बोलता येत नाही. आणि मला कोणी काही विचारत नाही.”

एवढं स्पष्ट उत्तर ऐकून माणूस रागावणार तरी कसा? तरी मी रागावलेच. भांडी आपटली, दार आपटलं, मग पुन्हा आत येऊन खरं दुखणं होतं ते विचारलं, “आणि माझी काटकसर?”

“ती खरीच आहे गं,” हे घाईघाईनं म्हणाले. “तू काटकसर करतेस म्हणूनच तर हौद कधी अर्ध्याच्या खाली गेला नाही.”

याहून वाईट कोणी काही बोलू शकेल असं मला वाटत नाही. आणि ते मनापासून बोलत होते. मी उंबऱ्यावर बसून रडले. गल्लीतला चोर मी. ज्या पाण्यासाठी मी त्या चौदा घरांना येताजाता शिव्या घातल्या, ते माझ्या स्वयंपाकघरामागे भरून ठेवलेलं होतं, वर झाकण टाकून. बारा वर्षं चाळीस घरांचं पाणी मी एकटीनं प्यायलं, असंच मला वाटलं, कारण दुसरं काही वाटायला जागाच नव्हती.

शुक्रवारी यांनी उपाय सुचवला. गुपचूप उकरून तोडून टाकू, कोणाला कळणार नाही. उपाय चांगला होता. पण पुढचं पाणी रविवारी, आणि ठराव त्याच पाण्यानंतर लगेच. एका दिवसात धार वाढली तरी मास्तर थोडेच लिहिलेला ठराव फाडणार? आणि पुढच्या बुधवारी भरपूर पाणी आलं असतं तेव्हा गोदाम रिकामं झालेलं असतं. लोक म्हणाले असते, बघा, गेले आणि पाणी आलं. अनुमोदक म्हणून माझ्या पाठीवर शाबासकीची थाप पडली असती. मी यांना नको म्हटलं.

शनिवारी मी कारण नसताना गोदामापर्यंत गेले. कानकाकांची सून मैलभर लांबच्या पंपावरून पाणी घेऊन येत होती. दोन्ही हातांत दोन कॅन, आणि पोट हे एवढं. मी तिच्या हातातून दोन्ही कॅन हिसकावले आणि तिच्यावर ओरडले, “अक्कल आहे का? कितवा चालू आहे?”

“आठवा,” ती म्हणाली. आणि मग, “ताई, उद्या काय होईल?”

“काही होत नाही उद्या,” मी म्हटलं. खोटं बोलता येत नाही म्हणे मला! पण तिनं माझ्या तोंडाकडे एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली. म्हणजे यांचंच बरोबर होतं.

रविवारी पाणी भरून झालं. धार करंगळीहून बारीक, गोदामाच्या वाट्याला एकेक बादली. सभा बेकरीच्या मागच्या शेडमध्ये, पिठाच्या पोत्यांवर. गोदामातले कानकाका आणि आणखी दोघं दाराशी उभे राहिले, त्यांना कोणी बसा म्हटलं नाही. मास्तरांनी ठराव वाचला. स्वल्पविरामासकट वाचला. “सूचक, बेकरीवाले. अनुमोदक...” आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. आता मी भाषण करणार, अशी सगळ्यांची खात्रीच होती.

मी उभी राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज फुटेना. यांनी शेजारून माझ्या पदराचं टोक धरलं, ओढायला नाही, नुसतंच धरलं.

“मी अनुमोदन देणार नाही,” मी म्हटलं. “पाणी गोदामवाल्यांनी चोरलेलं नाही. चोरटं कनेक्शन माझ्या घरात आहे. बारा वर्षांपासून. मला माहीत नव्हतं, पण ते पाणी मीच वापरलं. काय बोलायचं ते मला बोला. त्यांना काढू नका.”

आणि मी डोळे मिटून वाट बघत राहिले. आता धिंडवडे निघणार. आता कोपऱ्यावरच्या वहिनी अकरा वर्षांचा हिशेब चुकता करणार.

काहीच झालं नाही. डोळे उघडून बघते तर सगळे मिठाची गुळणी धरून बसलेले. कोणी पोत्यावरचं पीठ झटकतंय, कोणी छताकडे बघतंय. मला तर जरा अपमानच वाटला. एवढी मोठी चोरी कबूल केली, आणि एक शिवी नाही?

मग बेकरीवाला खाकरला. “वहिनी, तुम्ही म्हणताय तर... आमच्याकडेही आहे एक. भट्टीमागे.”

“काय?”

“लहानसंच आहे.”

“लहान कसलं?” कोपऱ्यावरच्या वहिनी म्हणाल्या, आणि जीभ चावली, कारण त्यांना कसं माहीत? तर त्याच प्लंबरनं त्यांचंही करून दिलं होतं. “पण माझं नवीन आहे हं,” त्या घाईनं म्हणाल्या, “तीन महिनेच झाले. ही माणसं आली, म्हटलं, आता पाणी काही पुरत नाही. म्हणून आधीच सोय करून ठेवली.”

“माझंही तेव्हाचंच,” लाँड्रीवाला म्हणाला.

“आमचंही.”

“आमचंही तेव्हाचंच, पण पाऊण इंची.”

एकेक हात वर व्हायला लागला. ठरावासाठी व्हायचे होते तेच हात. नऊ झाले, दहा झाले. मग सगळे मास्तरांकडे बघायला लागले. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “अध्यक्षांना मताधिकार नसतो,” ते म्हणाले. सगळे बघतच राहिले, तेव्हा हळूच म्हणाले, “बाथरूममध्ये.”

अकरा. त्यातली सहा कनेक्शनं तीन महिन्यांच्या आतली. पाणी पुरणार नाही या भीतीनं सगळ्यांनी मिळून पाणी संपवलं होतं, आणि माझ्या त्या दहा मिनिटांत, मी घड्याळ धरून रस्त्यात उभी असताना, अकरा हौद आरामात भरत होते. पंधरा करा म्हणे!

बेकरीवाल्याला अचानक काहीतरी आठवलं. तो दाराकडे वळला. “पण काका, तुम्ही तर म्हणालात, कोणाला सांगितलं नाही!”

“मलाही तेच म्हणाले,” वहिनी म्हणाल्या.

“मलाही!”

“नाही सांगितलं,” कानकाका दारातूनच म्हणाले. “ज्याचं त्यालाच सांगितलं.”

आधी मला हसू फुटलं, मग यांना, आणि मग ती शेड अशी हसली की पिठाची धूळ उडाली. मास्तर तेवढे गंभीर होते. सूचक आहे, अनुमोदक नाही, आता ठरावाचं काय करायचं हा त्यांचा प्रश्न खराच होता. “विषय पुढे ढकलण्यात आला, असं लिहितो,” ते म्हणाले.

“खोडा,” मी म्हटलं. आवाज परत आला होता.

त्यांनी खोडलं, पट्टी लावून. मग खाली नवीन लिहिलं: अकराही कनेक्शनं काढायची, काम कानकाकांच्या देखरेखीखाली, चोपन्न घरं, प्रत्येकी सारख्या बादल्या. आठ नाही पडणार, सहा पडतील. यावर दोघंतिघं कुरकुरले, पण अंगावर कनेक्शन असलेला माणूस कितीसा कुरकुरणार? कोणीतरी पोतं झटकून कानकाकांना बसायला दिलं. गोदामाच्या मालकाला निरोप धाडायला मास्तर स्वतः गेले.

सोमवारी सकाळी पहिला खड्डा आमच्याच उंबऱ्यात खणला. तो मान मी सोडते की काय! हे फरशी काढत होते, कानकाका छातीपर्यंत खाली उतरले होते, आणि मी काठावर बसून दोघांना सूचना देत होते. काम चांगलं चाललं होतं म्हणून मी गप्पा काढल्या.

“काका, एक विचारू? तुम्हाला गुरुवारीच सगळं कळलं होतं. रविवारी सभेत उभं राहून अकरा नावं धडाधड वाचली असतीत, तर? ठराव तिथंच आडवा. आमची तोंडं बघण्यासारखी झाली असती. दारोदार कशाला फिरलात? आम्ही कोणी बोललोच नसतो तर?”

“तर सोमवारी गेलो असतो,” ते म्हणाले. माती हातानं बाजूला करत होते.

“म्हणजे तुम्ही बोललाच नसता?”

पाइप दिसायला लागला होता. त्यांनी त्यावर हात ठेवला.

“आमच्याकडे नदी आटली तेव्हा मी शोधली होती कनेक्शनं,” ते म्हणाले. “सात निघाली. मी चौकात उभा राहून सातही नावं वाचली. खरं ते खरं, म्हटलं. पाचवं नाव माझ्या धाकट्या भावाचं होतं. तेही वाचलं. दुपारपर्यंत लोक काठ्या घेऊन निघाले, माझेच शेजारी. मी त्यांना थांबा थांबा म्हणत मागून धावत होतो.”

यांचा हात फरशीवर थांबला.

“आणि भाऊ?” मी विचारलं.

“त्याला तिथेच मातीत ठेवून आलो, ताई.”

मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. ते पुन्हा पाइपाकडे वाकले. थोड्या वेळानं हात वर करून म्हणाले, “पाना द्या. तो नको, लहान.”

मी खाली वाकून त्यांच्या हातात दिला.